सुपडूनानांचं फिरतं पाणी

सुपडूनाना रोज सकाळी माशांच्या हौदातलं पाणी चाखून बघत. घोटभर तोंडात घ्यायचं, डोळे मिटून घोळवायचं, गटारीत पिचकारी टाकायची आणि निकाल द्यायचा, "आज खारं शे." किंवा, "आज मासा नाराज शेत." बघणारा तोंड फिरवायचा. नानांना त्याचं काही नसे. नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि पाण्याला सगळं कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. "मानुसले नही समजत, पाणीले समजस."

माणसांबद्दलचं त्यांचं हे मत आमच्या गल्लीनेच तयार केलं होतं. ऐंशीनंतरच्या त्या कोरड्या वर्षांत अमळनेरला नदी आटलेली, नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. नाही आला की बायका नानांच्या दारात रिकाम्या घागरी आपटून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आला, तर नानांचं नाव कोणी काढत नसे. निवृत्त झाले त्या दिवशी नाना म्हणाले, "आते एकदाव लेयेल पाणी पुन्हा मांगाव नही." आणि एकदा भरलेलं पाणी फिरवत ठेवणारं एक लचांड त्यांनी अंगणात उभं केलं.

खाली सिमेंटचा हौद, त्यात धरणातून आणलेले मासे. वर तेलाची जुनी पिंपं उभी चिरून केलेली कुंड्यांची रांग, आत खडी. हौदातलं घाण पाणी कूलरच्या पंपाने वर चढायचं, खडीतल्या रोपांना खत देऊन निवळ होऊन खाली यायचं. आता याला काहीतरी मोठं इंग्रजी नाव आहे म्हणतात. नाना त्याला 'फिरतं पाणी' म्हणत.

नानांची थोरली बहीण अक्का विधवा होऊन त्यांच्याकडेच राहायची. ती माळकरी. हौदात मासे आले त्याच दिवशी तिने आपली चूल मागच्या पडवीत मांडली, आपली घागर वेगळी केली. नानांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण तिच्या लेखी तो खुलासा गैरलागू होता. दोन खोल्यांच्या घरात दोन चुली पेटू लागल्या. नाना स्वतः भाकरी थापत. ती बहुधा आफ्रिकेच्या नकाशासारखी व्हायची.

आणि एवढं करून लावलं काय, तर बीट. मेथी टाका, कोथिंबीर टाका, लोक सांगत. नानांचं एकच, "माले बीटच जोयजे."

पहिल्या हिवाळ्यात गुडघाभर पाला आला आणि खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. माशांना खाणं जास्त, म्हणून घाण जास्त, म्हणून सगळा जोर पाल्यात, असं नानांनी शोधून काढलं. दुसऱ्या हिवाळ्यात खाणं तोडलं आणि कंद भरावा म्हणून केळीच्या खांबांची राख टोपलीभर हौदात ओतली. दुपारपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. नाना दोन दिवस जेवले नाहीत. गल्ली पोटभर हसली. तिसऱ्या वर्षी नवे मासे आले, खडी चाळून बारीक झाली, चिमूटभर राख फडक्यात बांधून पाण्याच्या धारेखाली टांगली गेली. बिटाच्या एका बीतून तीन-चार रोपं निघतात, त्यातलं एकच ठेवावं लागतं. बाकीची उपटताना नाना प्रत्येकाला "माफ कर भो" म्हणत. लाइट गेली की पंप बंद, मग तासन्‌तास तांब्याने पाणी फिरवत.

संक्रांतीच्या सुमारास बीट धरलं. मुठीएवढं, लालभडक, मातीचा कण नाही. नानांनी घरोघर दोन-दोन वाटलं. सगळ्यांनी "वा नाना!" म्हणून घेतलं. माशांच्या मुतावर पोसलेलं बीट खाणार कोण? तासाभरात गल्लीतल्या शेळ्यांची तोंडं लाल झाली. आमच्या घरचं बीट तर मीच शेळीपुढे टाकलं आणि संध्याकाळी नानांना सांगितलं, "कोशिंबीर फक्कड झाली."

"साखर टाकी व्हती का?"

"थोडी."

"टाकानी नही, मास्तर. गोडच शे ते."

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी नाना चार बिटं घेऊन माझ्याकडे आले. मी जळगावला शाळेत, रोज गाडीने जाणारा. म्हणाले, "अक्काले द्या. जळगावना बजारथीन लई उनू, असं सांगा."

"नाना, मी खरंच आणतो की जळगावहून."

नाना भडकले. "इतली अक्कल माले नही का? डॉक्टरनी तीन वरीस पहिले सांगं, हिना अंगमा रक्त नही, बीट खावाडा. बजारनं ती खाईच. मनी माय गई तव्हय मी दीड वरीसना व्हतू. हिनी घास चावी चावीसन मना तोंडमा घाला. आन् मना हातनं ती आते पाणी बी लेत नही."

"मग सोडून द्या ना ते मासे."

"मासा मरनात तव्हय हौद रिकामाच व्हता. तरी अक्का म्हने, भाऊ बाटना ते बाटना."

मग नाना माझ्या अंगणात उकिडवे बसले. गुलाबाच्या कुंडीतली ओली माती घेऊन त्यांनी ती स्वच्छ बिटं एकेक करून बरबटवली. देठाच्या खाचेत बोटाने माती भरली. बाजारातली दिसायला हवीत ना. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून अक्काला दिली आणि बेधडक खोटं बोललो. एका म्हातारीचं व्रत मी मोडतोय हे कळत होतं, पण नाना हौदापाशी पाठ करून उभे होते. अक्काने बिटं धुतली, आपल्या चुलीवर उकडली आणि ताटली घेऊन ओट्यावर आली. सगळं खाल्लं. बोटंसुद्धा चाटली.

"मास्तर, गोड शे हो. जळगावनी मातीच न्यारी." मग भावाकडे मान वळवून म्हणाली, "नहीते आमना ह्यानं बीट. मासाना पाणीनं. ढोरं तरी खातीन का?"

मला त्या म्हातारीचा संताप आला, आणि तोंड शिवून बसलो म्हणून स्वतःचा त्याहून जास्त.

"नही खातस, अक्का," नाना म्हणाले. "ढोरं बी नही खातस."

त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. रिकामी ताटली त्यांनी दुरूनच नीट बघून घेतली आणि मग माझ्याकडे वळले.

"उद्या आखो चार लई या, मास्तर," ते म्हणाले. "जळगावथीन."