अठ्ठेचाळीस खुर्च्यांचे म्यानेजर

गणपतराव शेलारांची आणि माझी पहिली भेट मिरज स्टेशनच्या बाकावर झाली. मी पुण्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. एक उंच, ताठ, झुबकेदार मिशांचा गृहस्थ समोरून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला, माझ्याभोवती एक पुरी फेरी मारली, मांडीवरच्या फिडलच्या पेटीकडे नजर टाकली, आणि नाव-गाव न विचारता म्हणाला,

"तुमी दुसरी वळ. डावीकडनं तिसरी खुर्ची."

मला वाटलं, रेल्वेचा कुणी साहेब असावा. मी मुकाट्याने तिकीट काढून दाखवलं. त्यांनी ते पाहिलंही नाही. "बोटं झकास हाईत. पन वाकून बसताय, ही सवय मोडाय पायजे," एवढं बोलून त्यांनी खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं आणि चालू लागले. त्या क्षणापासून मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात होतो. मला ते कळायला मात्र तीन आठवडे लागले.

माणूस दिसला की त्याला खुर्ची नेमून द्यायची, हा गणपतरावांचा स्वभावच होता. स्टेशनमास्तर फलाटावर हाळी द्यायला लागले की हे मान हलवत, "छाती बगा! मागची वळ, कर्णेवाल्यात." मिरजेच्या दवाखान्यात डोळे दाखवायला गेले तर डॉक्टरांनाच सांगून आले, "हात लय हलका हाय तुमचा. झांजा जमायच्या न्हाईत. सतार धरा."

स्वतः गणपतराव काय वाजवत होते? काही नाही. सूर आणि गणपतराव यांची कधी ओळखच झाली नव्हती. आनंदाच्या भरात ते कधी शीळ घालत, तेव्हा शेजारचा माणूस विचारी, "काय दुखतंय का?" पण त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. "वाजवनारे लय हाईत, मास्तर," ते मला सांगत. "बसवनारा पायजे!"

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते इटलीत. गडी उंब्रजचा, लढाईत पलटणीच्या गुदामावर हवालदार. एका पडझड झालेल्या गावात सामान उतरवताना त्यांनी नाटकगृहात डोकावून पाहिलं. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकावं.

"छप्पर बाँबनं उडालेलं. वर निस्तं आभाळ. आन् खाली साठ मानसं बसल्याली, पेट्या, कर्णे, नगारे घिऊन. मधी उबा ऱ्हाऊन एकजन काठी हालवतोय. त्याच्याकडं सगळी बगत्यात. माजं ध्यान न्हाई तिकडं. मी बगतोय कोपऱ्यातल्या टकल्याला. हातात किल्ल्यांचा जुडगा. ह्याची खुर्ची सरकव, त्याला दम दे, दिवा पूस, दार लाव. मी दुभाष्याला इचारलं, ह्यो काय वाजवतो? त्यो म्हनला, काय न्हाई. पन ह्यो आला न्हाई तर कुनीच वाजवत न्हाई!"

इथे गणपतराव मिशीवरून हात फिरवत. "तवाच ठरवलं. काठीवाला नगं व्हायला. आपुन टकल्या व्हायचं."

लढाई संपली, गणपतराव परतले, आणि सातारा-सांगलीकडे 'शिंफनी' उभी करायच्या मागे लागले. शिंफनी म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला माहीत होतं म्हणता? चाळीस-पन्नास माणसांनी एकदम वाजवायचं आणि भांडण वाटू द्यायचं नाही, एवढा अर्थ गणपतरावांनी सगळ्यांना समजावला. वर्षभर ते सायकलवरून फिरत होते. पाचगणीच्या एका शाळेत पियानो शिकवणाऱ्या मिस पिंटो त्यांनी गाठल्या. बाई पन्नाशीच्या, कडक, चष्म्याच्या. गणपतराव त्यांच्या दारात सलाम ठोकून म्हणाले, "बाईसाब, काठी हालवायची जागा रिकामी हाय." बाईंनी दार लावून घेतलं. गणपतराव पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी बाईंनी विचारलं, "व्हायोलिन किती आहेत?" आणि गणपतराव हरखून पायरीवरच वही उघडून बसले.

कराडचा लग्नाचा बँड आला, आठ माणसांचा. शाळांतले पेटीमास्तर आले. मिरजेच्या तंतुवाद्याच्या कारागिरांनी एक पुरुषभर उंचीचं धिप्पाड वाद्य करून दिलं, कारण बाईंना खर्जाचे सूर हवे होते आणि तसलं वाद्य मुंबईशिवाय मिळत नव्हतं. त्याला खाली दोन भोपळे होते. तालमी त्या कारागिरांच्याच भोपळ्यांच्या गुदामात चालत. डोक्यावर तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले, खाली अठ्ठेचाळीस खुर्च्या खडूने आखलेल्या जागी. कुणाची खुर्ची वीतभर सरकली तरी गणपतराव ओरडत, "वळ मोडली! आदी बसा, मग सूर लावा!"

सगळ्यात अवघड गडी म्हणजे धुळा. आटपाडीकडचा धनगर. त्याचा ढोल ऐकून मिस पिंटोंचे डोळे पाणावले होते. त्यांनी स्वतः रचलेल्या वीस मिनिटांच्या तुकड्यात मधोमध त्याचा ढोल घातला. अडचण एकच. धुळा एकदा सुरू झाला की थांबत नसे.

"गणपतराव, हा थांबतच नाही!" बाई काठी आपटत.

"बाई काठी हालवत्यात, ते मला कसं दिसावं?" धुळा म्हणे. "मी डोळं मिटून वाजवतो."

त्याला हाक मारून पाहिली, खांद्याला हलवून पाहिलं, एकदा तर बँडवाल्याने कानाशी कर्णा फुंकला. व्यर्थ. शेवटी एका तालमीला त्याची बायको रखमा भाकरी घेऊन आली, दारातूनच म्हणाली, "आवं, पुरं!" आणि ढोल जागच्या जागी थांबला. गणपतरावांनी वही काढली. "रखमाबाई, कार्यक्रमाला ऐकनाऱ्यांत पहिली वळ, कडंची खुर्ची. बाईसाबांनी मान हालवली की तुमी म्हनायचं."

सांगलीच्या नाटकगृहात पहिला कार्यक्रम ठरला. संध्याकाळी पाचची वेळ. ते दोन भोपळ्यांचं धूड टांग्यात मावेना, तेव्हा ते आडवं घालून, चादर पांघरून बैलगाडीतून निघालं. वाटेत दोघा-तिघांनी बाजूला होऊन टोपी काढली, कुणीतरी गेलं असं समजून.

आणि त्या दिवशी सकाळी बँडमास्तर तोंड पाडून उभा. "म्यानेजर, घात झाला. आजच हितं सांगलीत वरात हाय, पाचलाच. सुपारी चार म्हयने आदी घेतलीया. सोडता येत न्हाई."

आठ माणसं! सगळे कर्णे, सनया, मोठा नगारा. ते वगळले तर तुकड्याची हाडंच काढून घेतल्यासारखं. मिस पिंटो खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मी म्हणालो, "तारीख पुढे ढकलू."

"एकदा उठवलेली मानसं परत बसत न्हाईत, मास्तर," गणपतराव म्हणाले. टोपी नीट केली. "चला लग्नाला."

मांडवात नुकत्याच अक्षता पडल्या होत्या. वधूपिता तात्या म्हणजे हळदीचे बडे व्यापारी. गणपतरावांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमी पहिली वळ, मधली खुर्ची."

"आवं, तुमी कोन?" तात्या दचकले.

"म्यानेजर. तुमच्या वरातीत किती मानसं वाजवनार?"

"आठ."

"माज्याकडं अठ्ठेचाळीस हाईत. तुमची आठ धरून. वरात थेटरावरनंच जाती न्हवं? दारात थांबवा. नवरा-नवरी आत बसवा, सारं वऱ्हाड बसवा. आमी वीस मिंटं वाजवतो, मग वरात फुडं. अठ्ठेचाळीस मानसांनी वाजवल्यालं लगीन सांगलीत कवा झालंय? सांगा!"

तात्यांनी मांडवाबाहेर नजर टाकली. "आन् घोडं?"

"घोड्याचा बंदोबस्त मी करतो."

तात्या क्षणभर नवरीकडे पाहत राहिले. धाकटी, लाडाची. मग मांडीवर थाप मारून ओरडले, "व्हय रं गड्यांनो, वरात थेटरात!"

साडेचारला मी पडद्याच्या फटीतून पाहिलं तेव्हा नाटकगृहात एकोणीस माणसं होती, त्यातली अकरा आमच्याच घरची. पाचला रस्त्यावर एकदम कल्लोळ उठला. दारं उघडली आणि फेटे, शालू, मुंडावळ्या, अत्तराचा घमघमाट, पायात येणारी पोरंसोरं, असा लोंढा आत शिरला. गणपतराव मधल्या वाटेत उभे राहून दोन्ही हातांनी माणसं लावत होते. "फेटेवाले डावीकडं! करवल्या तिसरी वळ! आजी, तुमी कडंला, खोकला हाय तुमास्नी!" सहा मिनिटांत साडेतीनशे माणसं बसली. पुढे नवरा-नवरी, मध्ये तात्या, कडेच्या खुर्चीत रखमा. बँडवाले वरातीच्या लाल कोटांतच धावत मंचावर आले.

मिस पिंटोंनी काठी उचलली. पुढची वीस मिनिटं मला सलग आठवत नाहीत. पहिले सूर लागले तेव्हा अंगावर आलेला काटा आठवतो. कर्णे उठले तेव्हा तात्यांचा वासलेला जबडा आठवतो. मग धुळाचा ढोल. तो चढत गेला, चढत गेला, वऱ्हाडातले म्हातारे मांडीवर ताल धरू लागले, बाईंनी मान हलवली, आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला,

"आवं, पुरं!"

ढोल थांबला. त्या शांततेत आमची फिडलं हलकेच सुरू झाली. एक माणूस हसला नाही. सगळ्यांना वाटलं, शिंफनीत असंच असतं.

संपलं तेव्हा छप्पर उडेल अशा टाळ्या. तात्या मंचावर चढले, नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून म्हणाले, "म्यानेजर कुठं हाईत? बलवा त्यांना!"

म्यानेजर कुठेच नव्हते. बाहेर घोडं व्यवस्थित बांधलेलं होतं, वैरण घातलेली होती. मी मागच्या अंगणात गेलो.

भिंतीच्या सावलीत पायरीवर गणपतराव बसले होते. मांडीवर धुळाची पोर, सहा-सात महिन्यांची, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. रखमा आत बसायची म्हणजे पोर कुणीतरी सांभाळायला हवी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"हळू, मास्तर," ते कुजबुजले. "धुळा थांबला का?"

"थांबला. तुम्ही ऐकलं नाही?"

"दार लावून घेतलं हुतं. आवाजानं दचकत हुती."

मला राहवेना. "अहो, वर्षभर सायकल मारलीत ती कशासाठी? दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायची होती!"

"कुनाकडं देनार? सगळी आपापल्या जागेवर हुती की." मग पोरीकडे पाहतच म्हणाले, "आमची बी येवढीच हुती म्हनं. मी लढाईवर गेल्यावर झाली. तापात गेली, आन् तिची आई बी. पत्तर मला दोन म्हयन्यांनी पोचलं. मी तिला बगितलीच न्हाई, मास्तर. सात म्हयन्याचं पोर केवढं असतंय, कुनाला इचारायचं धाडस झालं न्हाई." त्यांनी पोरीचं डोकं कोपराच्या खळग्यात अलगद सरकवलं. "येवढं असतंय व्हय."

आत तात्या अजून हाका मारत होते. मी उठलो नाही. पायरीवर बसून पहिल्या सुरापासून काय काय झालं ते त्यांना हळू आवाजात सांगत राहिलो. ते मधूनमधून मान हलवत होते.

जरा वेळाने रखमा आली. पोर घ्यायला तिने हात पुढे केले. गणपतरावांनी वर पाहिलं, पोरीवरचा हात मात्र काढला नाही. तिने हात मागे घेतले, पदर सारखा केला.

"असू द्या तुमच्याकडं," ती म्हणाली. "मी च्या पिऊन येते."

तिचा चहा मघाशीच झाला होता. म्यानेजरांना शोधत दारातून बाहेर पडताना मी तिला रिकामी कपबशी ठेवताना पाहिलं होतं.