पिवळ्या पिनेची मोहीम

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, वार रविवार. प्रांत रायगड, तालुके उरण, मौजे खारवाडी येथे दयारामजींचे बैठकीच्या खोलीत सकाळी दहा ते बारा या दोन तासांत जे युद्ध जाहले, त्याची हकीकत कोणाची भीड न धरिता आणि पदरचे मीठ न घालिता येथे लिहिली असे. वाचणाराने चहा जवळ घेऊन बसावे.

राजेश्री दयारामजी, उमर अडुसष्ट, पूर्वी मिठागराचे धनी, हल्ली नुसते घराचे. यांनी दिवाळीस पंचावन्न इंची टीव्ही आणविला, आणि सुताराकरवी भिंतभर प्लायवुडचा कोट उभारविला, आणि टीव्ही त्यात ऐसा घट्ट बसविला की मागे मुंगीस रीघ नाही. मग कोटाची शोभा पाहून त्यांचे मनी आले की घरातील जुनाट सरंजाम दूर करावा. तेव्हा फर्मान सुटले की, रविवारी बाराचे ठोक्यास सदा भंगारवाला हातगाडीसह हजर होईल, त्यास मोडका मिक्सर, दोन पंखे आणि माळ्यावरचा व्हिडिओ गेम हवाली करावा. गेम नव्या टीव्हीवर चालून दाखवील तरच घरात राहील, एरवी नाही. यात उजूर होऊ नये.

हा गेम सन १९९७ साली चिरंजीव जीवनराव चौथीत पहिले आले म्हणून पनवेलच्या बाजारातून आणिला होता. त्यामुळे सर्वांस वाटे की गेमची माया ती जीवनरावांस. परंतु आतली खबर निराळी आहे, ती ऐशी. मातोश्री कमळबाई, शिवणकामात नामांकित, ब्लाउजाचे बाबतीत आसपासच्या पाच गावांत यांचा शब्द अखेरचा. यांनी त्या काळी मुलाचे डोळे जातील म्हणून गेम जप्त केला, आणि कपाटात घालून चावी कमरेस लाविली, आणि मग मुलगा शाळेत व धनी मिठागरावर रवाना जाहले म्हणजे दारास आतून कडी घालून जातीने त्या गेमातले रणगाडे चालविले. ऐशी सहा वर्षे लोटली आणि कोणास गंधवार्ता नाही. आता गेम वाचवावा तर गुपित फुटते, आणि गुपित राखावे तर गेम हातगाडीवर चढतो. या पेचात कमळबाई शिलाई मशीनवर बसून राहिल्या, आणि ओविलेलाच दोरा काढून तीन वेळा पुन्हा ओविला.

मोहिमेचा विडा जीवनरावांनी उचलिला. हे न्हावा शेव्यास कंटेनर यार्डात सुपरवायझर, आवाज मोठा. यांच्या कुटुंब अमिषाबाई, मोबाइलविद्येत निष्णात, यांनी कुमक मागविली, म्हणजे जुन्या तारेस नवे तोंड लावणारी डबी. कुमक कूच करून निघाली खरी, परंतु बुधवारी पोहोचेल ऐसा जबाब आला. मग कुमकेचा भरवसा सोडून गेम माळ्यावरून उतरविला. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवा गंज चढला होता, तो पॉलिश पेपराने घासून काढिला, आणि कॅसेटीत फुंक घातली, आणि एकाने घातली म्हणून दुसऱ्याने घातली, आणि शत्रुपक्षाचे असूनही दयारामजींस राहवले नाही, त्यांनीही एक घातली.

मग कोटास हात घातला. स्क्रू काढून टीव्ही चार बोटे पुढे ओढिला, तेव्हा दयारामजी खाली गादी धरून उभे राहिले, जणू राजपुत्र जन्मास येतो. जीवनरावांनी मोबाइल मागे सरकवून फोटो काढिला आणि सर्वांनी तो मोठा करून पाहिला. भोके पाच : हिरवे, निळे, लाल, पांढरे आणि पुन्हा लाल. तारेच्या पिना तीन : पिवळी, पांढरी, लाल. दोन लालांत आपला कोणता यावर मसलत होऊन पांढऱ्याशेजारचा तो आपला ऐसे ठरले. पिवळ्यास मात्र घरच नाही. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ ही पाटी इकडून तिकडे फिरू लागली.

जीवनराव हबकले. यार्डात ज्या रंगाची खूण त्याच रंगाचे जागी पेटी, सोळा वर्षांत एक चूक नाही. निळ्याचे घरी पिवळे घालावे हे त्यांच्या स्वप्नीही येईना. इतक्यात सदा भंगारवाला वेळेआधी वीस मिनिटे दाखल होऊन पायरीवर टेकला, आणि त्यास चहा दिला, आणि तोही आत डोकावून मत देऊ लागला. जीवनरावांनी तार गुंडाळावयास घेतली.

तेव्हा शिलाई मशीन थांबले.

कमळबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "पिवला नाय, त हिरव्यान घाल."

"आये, रंग जुलत नाय," जीवनराव म्हणाले. "काय जलला त बाबा मना घराभाईर काढतील."

"तुलाच काय, तिलापन काढीन," दयारामजी गादीमागून वदले.

"पिवला दोरा सपला त बायांचे ब्लाऊज थांबतान काय? जवलचा रंग बगायचा नि शिवायचा. बाजूला सर."

मग मुलास बाजूस सारून त्यांनी टीव्हीमागे हात घातला, आणि मशीनखालची बॉबिन न पाहता बसवावी तैशी पिवळी पिन हिरव्यात बसविली. त्यासरशी तुतारी वाजली आणि पडद्यावर रणगाडे प्रकट जाहले, परंतु कृष्णधवल. अमिषाबाईंनी टीव्हीचा रिमोट घेऊन एकामागून एक दरवाजे उघडिले, आणि ‘एव्ही’ नामे दरवाजा उघडताच रंग भरला.

घड्याळात बारास आठ कमी. दयारामजींनी कायदा काढिला की, दिसणे म्हणजे चालणे नव्हे, खेळून दाखवावे. जीवनराव जॉयस्टिक घेऊन बसले आणि अर्ध्या मिनिटात मारले गेले. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा तेच.

"यो चालत नाय, मरतं," दयारामजी म्हणाले आणि सदाने गाडीवरची दोरी सोडिली.

कमळबाईंनी पदराने चष्मा पुसला. बखरकार साक्ष आहे की त्यांनी दाराच्या कडीकडे पाहिले, आणि मग सर्वांसमक्ष मुलाचे हातातून जॉयस्टिक काढून घेतली. पुढे जे जाहले ते रण वर्णावयास शाई पुरणार नाही. पहिली पातळी घेतली, दुसरी घेतली, विटा फोडीत पाण्याकाठून तिसरी घेतली, आणि शत्रू कोठून निघणार हे त्यांस शत्रूच्या आधी ठाऊक. पाचव्या पातळीस सदा पायरी सोडून आत येऊन बसला.

"आई, तुम्ही हे कधी शिकलात?" अमिषाबाईंनी हळूच विचारिले.

कमळबाईंनी सहावी पातळी घेतली. जीवनरावांस एकेक दुपार आठवू लागली, कुलूप आठवले, चावी आठवली.

"आये, तू मना हात लावू देत नव्हतीस."

"तुजे डोले वाचवीत व्हते," कमळबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दुसरी जॉयस्टिक घे नि किल्ला सांभाल. नि फुडं फुडं करू नको."

येणेप्रमाणे नवव्या पातळीवर बारा वाजले आणि मोहीम फत्ते जाहली. सदा मिक्सर व पंखे घेऊन गेला, तोही सव्वा वाजता, आणि चहा तीन वेळा घेऊन. गेम घरात राहिला, गुपित गेले, आणि कमळबाईंनी दोहोंची वजाबाकी करून आपण फायद्यात आहो ऐसे जाहीर केले. बुधवारची कुमक बुधवारी आली, ती दारातूनच परत पाठविली. मोहिमेच्या रविवारीच सायंकाळी दयारामजींनी गादी जागेवर ठेवून तोंडी अर्ज गुदरला की, दुसरी जॉयस्टिक आपणांसही मिळावी. त्यावर शिवणकाम शिकावयास येणाऱ्या मुलींस जो नियम तोच लागू जाहला : पहिले पंधरा दिवस हात न लाविता नुसते बघावे. दयारामजींनी तो मान्य केला आणि खुर्ची पुढे ओढून बसले. आज त्यांचा चौथा दिवस आहे. लेखनसीमा.