देवाचा स्वभाव आणि मानिहुरुकांचा पार्लिन

देवाचा स्वभाव कधीही बदलत नाही, ही गोष्ट तोबा सरोवराकाठच्या आमच्या चर्चमध्ये सर्वमान्य आहे. घसरतात ती माणसं, आणि त्यांच्यासाठी शिस्त आहे. लग्नाआधी पळून गेलेल्या जोडप्याची नावं रविवारी सर्वांसमोर वाचायची आणि त्यांना प्रभुभोजनाची बंदी करायची. हे पुण्यकर्म ज्येष्ठ पंच मानिहुरुक बावीस वर्षं निष्ठेने करत आले. (आवाज असा खणखणीत, की माइक निव्वळ शोभेला.)

मग एका बुधवारी त्यांचाच मुलगा पार्लिन एका पोरीला घेऊन पळाला.

"आता घ्या!" मासे साफ करता करता त्यांची बायको तिओमिना म्हणाली. "लोकांच्या पोरांची नावं वाचताना कसा गळा मोकळा सुटायचा! रविवारी पार्लिनचं नावही तसंच घ्या. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे, हं."

"गप गं! तोंड दाखवायला जागा उरायची नाही मला." मानिहुरुक खेकसले. आणि आयुष्यात प्रथमच त्यांना धर्मशास्त्रीय शंका आली: देवाचा स्वभाव थोडासा, निदान रविवारपुरता, बदलू शकेल काय?

शंका गंभीर असल्याने समिती नेमण्यात आली. सदस्य सात, पैकी पाच मानिहुरुकांचे सोयरे (उरलेले दोघे व्हायच्या बेतात). डुकराचं मटण आणि ताडी यांच्या साक्षीने सखोल चर्चा होऊन एकमताने ठरलं, की देव बदलत नाही. मानिहुरुकांचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हा पाद्रीबाबांनी निर्णयाचा उरलेला भाग वाचला: देव मुळातच दयाळू आहे, आजवर आपल्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच. शिवाय बुधवारी पाऊस होता, सबब पार्लिनचं जाणं हे पळणं नसून आडोशाला जाणं होय.

रविवारी नाव वाचलं गेलं नाही. स्तोत्र गाताना मानिहुरुक रडले. अगदी खरं रडले हो.

पुढच्या महिन्यात जाबांगून कोळ्याची पोरगी पळाली. बिचारा टोपी हातात घेऊन चर्चच्या पायरीवर उभा राहिला. "पंच, पाऊस त्या दिवशीही होता. धो धो होता."

"अरे बाबा, पाऊस काय, पडतच असतो," मानिहुरुक कळवळून म्हणाले. "पण देव कधी बदलतो का?" आणि आत जाऊन त्यांनी तिचं नाव वाचलं. मागच्या बाकापर्यंत गेलं.

मानिहुरुकांचा राग आला ना? यायलाच हवा. फक्त शेजाऱ्यांची पोरगी पळाली तेव्हा आपण जिन्यात उभं राहून काय बोललो, आणि घरचीच गेली तेव्हा 'प्रेमविवाह' हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला, तेवढं आठवून पाहा. तुमचाही देव बदलत नाही असं दिसतं. अभिनंदन.