अध्यक्षांची बरणी

वलगाव येथील सेवानिवृत्त मंडळ कृषी अधिकारी भगवंतराव यांनी घरच्या संत्र्यांची घरच्या घरी वाइन करण्याचा निर्णय सर्वानुमते घेतला. सर्वानुमते म्हणजे त्या वेळी ओसरीवर ते एकटेच होते. त्यांच्या पत्नी लीलाबाई यांना निर्णय मागाहून कळवण्यात आला. "घरात वास सुटला तं तुमाले बरणीसकट गुरांच्या कोठ्यात झोपा लागन," एवढाच आक्षेप त्यांनी नोंदवला आणि त्या भाकरी थापायला निघून गेल्या.

निर्णयामागे कारण होतं. त्या वर्षी संत्र्याचा भाव असा पडला की व्यापारी बगिच्यापर्यंत आलाच नाही, त्याने फोनवरूनच नाही म्हटलं. फळ झाडाखाली सडू लागलं. कापूस आणि सोयाबीनचं तर नावच काढू नका. पाऊस आणि बाजार यांनी मिळून दोन-तीन वर्षांत मुलखाचं कंबरडं मोडलं होतं. भगवंतरावांनी उभ्या नोकरीत शेतकऱ्यांना एकच मंत्र दिला होता, मूल्यवर्धन. जीपमधून उतरले की मूल्यवर्धन, मांडवात माइक हाती आला की मूल्यवर्धन. अशात एके दिवशी चौकातल्या पानठेल्यावर जयवंता नावाच्या संत्रावाल्याने त्यांना अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, तुमी सोता कधी केलं का हो ते मूल्यवर्धन?" सगळा पानठेला हसला. भगवंतराव घरी आले ते तडकूनच. आता वाइन झाली नाही तर तीस वर्षांची भाषणं वाया गेली असं त्यांना वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर ती गेलीच होती.

पहिलं पाऊल म्हणून ते अमरावतीच्या एका कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव कशाला घ्या, पंखा सगळीकडे सारखाच फिरतो. तिथल्या बाबूने नियम समजावून सांगितला. परवान्यासाठी आधी वाइनचा नमुना दाखवावा लागतो, आणि नमुना करायचा तर आधी परवाना लागतो. भगवंतराव स्वतः सरकारी माणूस असल्याने त्यांना यात काहीच चूक दिसली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर पाहून बाबू विरघळला आणि त्याने आवाज खाली आणून तोंडी मार्गदर्शन केलं. "संत्र्याचा रस काढून ठेवणं गुन्हा नाही. ठेवून विसरलात तरी गुन्हा नाही. पण लक्षात ठेवून ठेवलात, तं मंग आमच्याकडे या लागन."

विसरणं भगवंतरावांना जड नव्हतं. नोकरीत त्यांनी अख्खी गावं विसरून दाखवली होती. अडचण एवढीच की विसरण्याचं सामान आठवणीने आणावं लागणार होतं. झाकण घट्ट बसणारी चिनी मातीची बरणी, रबरी नळी, मलमलचं फडकं आणि रस आंबवायला खमीर.

हे सगळं हुसेनभाईच्या दुकानात मिळत होतं. जुन्या बंद पडलेल्या जिनिंग मिलला खेटून हे दुकान आहे. भांडी, बरण्या, दोऱ्या, नळ्या, किराणा, जे मागाल ते. पण वलगावात दुकानातून वस्तू नुसती विकत घेता येत नाही, तिची आधी चौकशी होते. भगवंतरावांनी एक बरणी उचलली. तपकिरी अंगाची, आणि कानाजवळ हिरव्या झिलईचा ओघळ, नेमका पालीसारखा. हुसेनभाईने विचारलं, बरणी कायले पाह्यजे? भगवंतराव म्हणाले, मुरंब्याले. मग त्यांनी नळी मागितली. बाकावर बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, मुरंब्याले नळी कायले? भगवंतराव म्हणाले, स्कूटरचं पेट्रोल काढाले. दुसरा लगेच उठला आणि म्हणाला, चला साहेब, मीच काढून देतो. तिसऱ्याने खमिराबद्दल विचारायच्या आत भगवंतरावांनी बरणी खाली ठेवली.

"कावून ठेवली साहेब?" हुसेनभाईने विचारलं.

"डाग हाय तिच्यावर," भगवंतराव म्हणाले. "आजकाल लोकल मालात क्वालिटी राह्यली नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा त्यांच्या खिशाला 'स्थानिक खरेदी संकल्प समिती, वलगाव' असा बिल्ला लावलेला होता. भगवंतराव या समितीचे संस्थापक अध्यक्ष. शेतकऱ्याच्या हातात काही उरलं नव्हतं म्हणून बाजारपेठ ओस पडली होती, आणि ज्यांच्या हातात उरलं होतं, म्हणजे पगारवाले आणि पेन्शनवाले, ते सगळं मोबाइलवरून मागवत होते. हे थांबावं, गावाचा पैसा गावात राहावा, यासाठी पगारवाले आणि पेन्शनवाले यांनीच ही समिती काढली होती. बिल्ले सुरतेहून मागवले होते, तिथे स्वस्त पडतात.

त्या दुपारी भगवंतरावांनी दार लोटून मोबाइल उघडला. थोड्या शोधानंतर त्यांना 'ओल्ड मिल ब्रूइंग हाऊस' नावाची कंपनी सापडली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. नावातच खानदान होतं. फोटोत लाकडी टेबल, वर कोवळं ऊन, आणि मधोमध एक बरणी, जणू तिच्यात साहेबलोकांच्या पणज्याने मद्य मुरवलं असावं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की प्रत्येक बरणी हाताने घडवलेली असल्याने तिच्यावर तिची स्वतःची खूण असते. याला म्हणतात क्वालिटी, असं भगवंतराव मोठ्याने म्हणाले आणि मग दाराकडे पाहून गप्प झाले. बरणी, नळी, फडकं, खमीर असा पूर्ण संच त्यांनी मागवला. कोणी चौकशी केली नाही. पत्त्याच्या रकान्यात, वलगावातला प्रत्येक माणूस लिहितो तसं, त्यांनी लिहिलं: हुसेनभाईच्या दुकानासमोर.

पुढचे काही दिवस ते पार्सलचा प्रवास मोबाइलवर पाहत राहिले. माल निघाला तो अमरावतीहून. ओल्ड मिलची शाखा अमरावतीतही आहे हे पाहून त्यांना वऱ्हाडाच्या प्रगतीचा अभिमान वाटला. तिथून माल नागपूरला गेला, नागपूरहून भिवंडीला, भिवंडीत दम खाऊन पुन्हा नागपूरला. एवढी मोठी कंपनी, म्हणजे मालाला फिरावं लागतंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पार्सल वलगावात पोचलं ते नेमकं समितीच्या संकल्प सोहळ्याच्या सकाळी. पार्सलवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमी हुसेनभाईच्या दुकानासमोर लिहिलं. समोर तं नाली हाय. म्हून दुकानातच ठेवून देलं."

भगवंतराव फोन तसाच टाकून चपला शोधू लागले. कारण सोहळा हुसेनभाईच्याच दुकानात होता. त्याला 'आदर्श स्थानिक दुकान' असा पुरस्कार द्यायचा होता, अमरावतीहून मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते, आणि ऑनलाइन खरेदी न करण्याची शपथ सर्वांना अध्यक्ष स्वतः देणार होते. साहेब यायच्या आत पार्सल उचललं नाही तर अध्यक्षपदही जाणार होतं आणि वाइनही. वर पानठेल्यावरचं हसू होतंच.

ते चपला घालून धावतच दुकानात गेले. तिथे समितीचे सचिव शेषराव आधीच उभे होते. व्यवस्था पाहायला आलो, असं ते म्हणाले. मीही व्यवस्थाच पाहायला आलो, असं भगवंतराव म्हणाले. मग कोषाध्यक्ष वामनराव व्यवस्था पाहायला आले. पाठोपाठ एकेक करून सगळी कार्यकारिणी आली. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता की तुम्ही घरी जा, आराम करा, मी आहे इथे. कोणी हललं नाही. पत्ता सगळ्यांनी तोच लिहिला होता.

कोपऱ्यात खोक्यांचा मोठा ढीग होता. हुसेनभाई भला माणूस. समितीची अब्रू जाऊ नये म्हणून त्याने ढिगावर एक चादर टाकली होती, आणि चादर घसरू नये म्हणून वर हाराचं ताट ठेवलं होतं.

आता झालं असं की प्रमुख पाहुण्यांची उभी हयात अनावरणात गेलेली. कपड्याखाली काही झाकलेलं दिसलं आणि जवळ हार असला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. साहेब दुकानात शिरले, त्यांनी हार बाजूला केला, भगवंतराव 'साहेब, ते नाही' म्हणेपर्यंत चादर ओढली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. सवयीने बाहेरच्यांनीही वाजवल्या.

साहेबांनी वरचं खोकं उचललं, त्यावरचं नाव वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की या सत्काराच्या भेटवस्तू आहेत, नावंसुद्धा घातलेली आहेत. वलगावकरांच्या नियोजनाचं त्यांनी माइकवरून कौतुक केलं आणि ते एकेक नाव पुकारू लागले. शेषराव पुढे आले, त्यांना त्यांचेच बूट शाल घालून देण्यात आले. वामनरावांना मिक्सर मिळाला. फोटो निघाले. नाव आलं की माणूस मान खाली घालून येत होता, आणि लोक म्हणत होते, पाहा, किती विनम्र माणसं आहेत.

शेवटी अध्यक्षांचं खोकं निघालं. ते सगळ्यांत मोठं होतं. "हे उघडून दाखवा," साहेब म्हणाले, "लोकांना प्रेरणा मिळेल."

भगवंतरावांनी चिकटपट्टी ओढली. आधी फडकं निघालं, मग नळी, मग खमिराची पुडी, मग गवतात गुंडाळलेली बरणी. तपकिरी अंगाची. कानाजवळ हिरवा ओघळ, नेमका पालीसारखा.

हुसेनभाई पुढे झाला. "साहेब, हे तं आपलीच बरणी होय. मांगं तुमीच डाग पाहून वापस ठेवली होती."

गल्ल्यावर त्याची मुलगी जेबा बसली होती. दुकानाचं मोबाइलवरचं 'ओल्ड मिल' हे नाव तिनेच ठेवलं होतं, शेजारच्या जुन्या जिनिंग मिलवरून. ती शांतपणे म्हणाली, "दुकानात कोणी घेऊन नाही राह्यलं होतं काका, म्हून मोबाइलवर टाकलं. तिथं समद्यात पह्यले तुमीच घेतलं. दुप्पट भावानं."

दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. पण भगवंतरावांनी उभ्या नोकरीत दुष्काळाच्या बैठकीतसुद्धा प्रगती दाखवली होती. त्यांनी घसा साफ केला, बरणी डोक्यापर्यंत उचलली आणि माइक हाती घेतला.

"बंधू-भगिनींनो, हा प्रयोग मी मुद्दाम केला. वस्तू गावची, दुकान गावचं, गिऱ्हाईक गावचं. मधात थोडी भिवंडी आली, तं त्याले प्रवास म्हणतात, खरेदी म्हणत नाहीत. गावातून निघताना हिची किंमत काय होती आणि येताना काय झाली, पाहा. एक काडी इकडची तिकडं न करता किंमत दुप्पट. यालेच मी तीस वर्षं मूल्यवर्धन म्हणून राह्यलो."

टाळ्या थांबेनात. कार्यकारिणीने जागच्या जागी ठराव केला की माल कुठूनही आला, तरी तो हुसेनभाईच्या दुकानात उतरला तर ती स्थानिक खरेदी समजण्यात यावी. शपथेत तेवढी दुरुस्ती झाली, आणि उजव्या हातात बूट आणि मिक्सर असल्याने ती सर्वांनी डावा हात पुढे करून घेतली. गर्दीत मागे उभ्या असलेल्या जयवंताने एवढंच विचारलं की साहेब, बरणीचं झालं, संत्र्याचं काय? पण तोवर चहा आला होता.

वाइनचं म्हणाल तर रस बरणीत भरला गेला आणि नियमाप्रमाणे विसरला गेला. भगवंतराव सत्कारांत इतके गुंतले की तो खरोखरच विसरला, आणि लीलाबाईंना आठवण झाली तेव्हा त्याचा कडक सिरका झाला होता. त्यांनी तो निमूटपणे कांद्यावर ओतला, आणि बरणी घासताना ती हातातून निसटून फुटली. भगवंतराव नवी आणायला दुकानात गेले. जेबाने फळीवरून तशीच एक बरणी काढून समोर ठेवली. त्यांनी ती फिरवून पाहिली, वाजवून पाहिली आणि परत केली.

"चांगली हाय," ते म्हणाले. "मोबाइलवर टाक. मी तिथून मागवतो."

हसलात ना? हसा. फक्त एक सांगा, हे पुस्तक तुमच्या हाती आलं कसं? तुमच्या चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात गेलात, हे उचललंत, दोन पानं उभ्यानेच वाचलीत, मालकाने दिलेला चहाही घेतलात, 'पाहतो' म्हणून परत ठेवलंत, आणि घरी येऊन... असो, सांगू नका. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. समितीच्या पुढच्या सोहळ्याला प्रमुख पाहुणे हवे आहेत आणि भगवंतरावांनी तुमचंच नाव सुचवलं आहे. पत्ता सोपा आहे, हुसेनभाईच्या दुकानासमोर. तुमचं खोकं तिथे येऊन पडलं आहे.