सुकेळी बँडची एकुलती एक कॅसेट

पास्कूकाका गिटार उन्हात वाळत घालायचे. अंगणातल्या खाटेवर एका बाजूला मिरच्या आणि दुसऱ्या बाजूला गिटार. "लाकूड हाय ते, थंडी भरते त्याच्यात," हे त्यांचं शास्त्र. मी त्यांच्या गावात, उमेळ्यात, फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने खिडकीतून केळीच्या बागा दिसतील असं सांगितलं होतं. बागा दिसायच्या, पण आधी दिसायची ती खाटेवर पहुडलेली गिटार.

वाडीतली फुलं सकाळी मुंबईला रवाना झाली की काकांचा दिवस मोकळा. गावातल्या बायकांची लग्नातली गाणी गिटारवर बसवायची आणि ती कॅसेट मुंबईच्या दुकानात लागलेली बघायची, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती. बँडचं नाव सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कारण तीही उन्हात सावकाश गोड होतात. त्यांचा पुतण्या डेनिस ड्रम वाजवायचा. सोसायटीच्या गणपतीत मी पेटी वाजवतो हे काकांना कळलं आणि मीही बँडमध्ये ओढला गेलो. चाल जमली नाही, डेनिस रुसला, माझी पेटी बेसूर झाली, काहीही झालं तरी काका म्हणायचे, "ऊन लागू दे जरा."

स्टुडिओ म्हणजे काकांची बाहेरची खोली. नातेवाइकांच्या गाद्या मागून आणून भिंतींना टांगल्या होत्या. नव्या गाद्या त्यांनी परत पाठवल्या. त्यांच्यात आवाज फुगतो म्हणे. रेकॉर्डिंगचं मशीन भाड्याने आणलं होतं आणि ते चालवणारा माणूसही गावातलाच होता.

सगळ्यात चांगलं गाणं रंगात आलं आणि शेजारच्या चर्चची दुपारची घंटा झाली. काकांनी गिटार खाली ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. डेनिस उभा राहिला, मशीनवाला उभा राहिला, मग मीही राहिलो. लहानपणापासूनची सवय, घंटा झाली की हातातलं काम सोडून प्रार्थना. मशीन बंद करायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. प्रार्थना संपली आणि आम्ही सोडलेल्या शब्दापासून गाणं उचललं. ते इतकं झकास झालं की काका म्हणाले, आता याला कोणी हात लावायचा नाही.

त्यामुळे कॅसेटमध्ये नवरीला हळद लागता लागता मध्येच घंटा आणि प्रार्थना. माणिकपूरच्या दुकानात गिऱ्हाइकं कॅसेट परत आणू लागली, तिच्यावर भलतंच काहीतरी टेप झालंय म्हणून. एका लग्नात ती लावली, तर घंटेसरशी अख्खा मांडव उठून उभा राहिला. वाढपी हातात डाव घेऊन थबकले आणि नवऱ्याचा घास तोंडातच राहिला. एका साप्ताहिकाने तर 'शांततेचा धाडसी वापर' असं लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि लिहिणाऱ्याला ऊन लागायला हवं असं मत दिलं.

पुढच्या वर्षी काकांची बायको, फिलूकाकी, थोड्याशा आजारपणात गेली. त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईच्या कॅसेट कंपनीचा माणूस आला. गाणी त्याला फार आवडली होती. कॅसेट सगळीकडे काढू म्हणाला, फक्त तेवढी प्रार्थना कापायची. डेनिस पेढे आणायला निघालासुद्धा.

"नाय कापायची," काका म्हणाले.

माणूस हात हलवत परत गेला. डेनिसने काकांशी बोलणं टाकलं. मीही तावातावाने त्यांना समजवायला गेलो. आयुष्यभराची हौस अशी दारातून परत पाठवतात का?

काकांनी कॅसेट लावली. प्रार्थनेचा भाग मी घरी नेहमी पुढे ढकलायचो, त्यामुळे तो नीट कधी ऐकलाच नव्हता. आमच्या पुटपुटण्यामागे स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज येत होता, आम्हा सगळ्यांपेक्षा खणखणीत. आमेन म्हणून झाल्यावर तीच ओरडली, "आता जेवून घ्या नं, गाना कुठं पलून चाललाय का?"

"फोटो लय हायेत तिचे," काका म्हणाले. "आवाज येवढाच हाय."

कॅसेटमध्ये आम्ही कोणीच तिला ओ दिली नव्हती, सरळ पुढचं कडवं धरलं होतं. काकांनी टेप बंद केला आणि स्वयंपाकघराकडे बघत हलकेच म्हणाले, "आलो गं."