झाकणवाला डबा

संगणकावरची चित्रं आपण स्वतः हाताने काढायची, असं निवृत्त हेडक्लार्कांनी एका मंगळवारी चहा पिता पिता ठरवून टाकलं. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. मुलीने तिला संगणक घेऊन दिला, गिऱ्हाइकांची मापं त्यात ठेवायला शिकवलं आणि मग स्वतः परगावी नोकरीवर निघून गेली. पण ज्यांच्यावर टिचकी मारायची, ती पडद्यावरची गुळगुळीत चित्रंच बायकोला ओळखू येईनात.

"कात्री कुठली नि पाकीट कुठलं, सगळी एकाच आईची लेकरं," ती म्हणाली. हेडक्लार्कांना एवढं निमित्त पुरलं.

मुलीने फोनवर रीत सांगितली. चौकटीच्या वहीत आडवे बत्तीस, उभे बत्तीस चौकोन घ्यायचे, हवे ते पेन्सिलीने काळे करायचे आणि मग तसेच्या तसे संगणकात भरायचे. चौकोन एक तर पूर्ण भरायचा, नाही तर कोरा सोडायचा. (तेहेतीस वर्षांच्या नोकरीत असा ठाम निर्णय घ्यायची वेळ हेडक्लार्कांवर कधी आली नव्हती. आता एका बैठकीत ती एक हजार चोवीस वेळा आली.)

कात्रीचा नाकतोडा झाला. टेलिफोनची चप्पल झाली. कचऱ्याचा डबा मात्र असा साधला, की ते खुर्ची मागे सरकवून स्वतःच बघत राहिले. सरळ कडा, दोन कान, वर घट्ट झाकण. खाली नाव घालताना 'कचरा' हा शब्द बायकोला सकाळी सकाळी दिसू नये, असं त्यांच्या सुसंस्कृत मनाला वाटलं. त्यांनी नुसतं 'डबा' लिहिलं.

आठवड्याने बायकोची हाक आली.

"अहो, मापं कुठे गेली? गायनमंडळाच्या बारा जणींची! आज जॅकिटं कापायला घ्यायचीत, रविवारी कार्यक्रम आहे त्यांचा!"

"तू कुठे ठेवली होतीस?"

"डब्यात."

हेडक्लार्क तत्परतेने स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा उघडला, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

"तिकडे काय चाललंय?"

"डब्यात म्हणालीस ना!"

"तुमच्या डब्यात हो! संगणकातल्या!"

हेडक्लार्कांच्या हातातलं झाकण खणकन खाली पडलं.

"अगं, तो कचऱ्याचा डबा आहे!"

"असं कुठे लिहिलंय? बाकी सगळं उघडं-वाघडं. ह्याला एकट्याला झाकण होतं, म्हणून जपून त्यात ठेवली."

आणि तो डबा हेडक्लार्कांनी त्याच सकाळी रिकामा केला होता. 'कायमचं काढून टाकू का?' असं संगणकाने विचारलंही होतं. पण समोर आलेला कागद न वाचता पुढे सरकवायची सवय अशी सुटते थोडीच!

"बाबा, ते आता नाही मिळायचं," मुलगी फोनवर म्हणाली. मापांची जुनी वही तरी? तीही 'आता हिचं काय काम' म्हणून त्यांनीच रद्दीत घातली होती.

बायको आता रडणार, असं त्यांना वाटलं. ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली आणि तिने डोळे मिटले.

"लिहा. पहिल्या रांगेतली उंच. खांदा पंधरा, बाही बावीस. तिच्या शेजारची, सारखी खोकते ती. खांदा चौदा, डावा जरासा उतरता…"

हेडक्लार्क मान खाली घालून लिहीत गेले. आठ जणी तिने नुसत्या बोटांच्या आठवणीवर उभ्या केल्या. उरलेल्या चौघी पुन्हा माप द्यायला आल्या. त्यांना कारण सांगायचं काम बायकोने हेडक्लार्कांवर सोपवलं. (चौथीने तर 'पुन्हा एकदा' अशी फर्माईश केली. शेवटी गायनमंडळ ते!)

शनिवारी बाराव्या जॅकिटाला शेवटचं बटण लागलं. बायकोने दोरा दाताने तोडला.

"आता ते चित्र बदला. कुणाला चुकूनसुद्धा काही जपून ठेवावंसं वाटणार नाही, असं काहीतरी काढा."

"असं काय काढू?"

बायकोने माप घेतल्यासारखं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चष्मा काढता येईल? मग तुमचं डोकंच काढा."

त्यांनी काढलं. अगदी हुबेहूब जमलं. वेळही फारसा लागला नाही. चष्म्याच्या वरचे सगळे चौकोन कोरेच सोडायचे होते.