उसनी खुर्ची

नगर काउन्सिलच्या बाई दुपारी दोनला येणार होत्या, आणि क्लिफर्ड रॅम्सडेन सकाळपासून शेजारणीचं घर आपल्या घरात वाहून आणत होता.

ब्रेंडाची मखमली खुर्ची भिंतीवरचा ओलीचा डाग झाकून बसली. तिचा भलामोठा टीव्ही आला, पाठोपाठ हीटर आला. बोलिंग क्लबचा चांदीचा चषक शेकोटीवरच्या फळीवर चढला. त्यावर दुसऱ्याच विजेत्याचं नाव होतं, म्हणून ती बाजू भिंतीकडे.

"क्लिफ, अरे पत्र तरी नीट वाचलंस का?" ब्रेंडाने धापा टाकत विचारलं.

"त्यात वाचायचंय काय? घर बघणार, नाक मुरडणार आणि आयरीनला उचलून वृद्धाश्रमात टाकणार. क्लबातल्या त्या सिडनीच्या बायकोला नाही नेलं?"

आयरीन खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून हा गृहप्रवेश बघत होती. मार्चमधल्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली, आणि शब्द उरले दोन-तीन. लग्नाच्या एक्कावन्न वर्षांत क्लिफर्डला एवढा वेळ सलग बोलायला मिळालं नव्हतं, आणि मिळालं तर ते नकोसं झालं होतं. त्याची पाठ आता तिला उचलायला साथ देत नव्हती. रोज सकाळी मदतनीस आल्या, तरच ती घरी राहणार होती. ती मदत मंजूरही झाली होती. तिचे पैसे किती भरायचे, एवढंच ठरायचं होतं. पण क्लिफर्ड पत्राच्या दुसऱ्या ओळीपुढे गेलाच नव्हता.

मिसेस हॉलरॉइड वेळेवर आल्या. मखमलीत बसल्या, कागद उघडला.

"आजारपणामुळे घर गरम ठेवायचा खर्च वाढलाय का?"

"छे छे! आमचं घर मुळातच उबदार." ब्रेंडाच्या हीटरने क्लिफर्डच्या कपाळावर घाम आणला होता.

बाईंनी काहीतरी लिहिलं.

"खायला-प्यायला वेगळं काही लागतं?"

"सगळं खाते. दगड पचवेल."

पुन्हा लिहिलं.

"कपडे, चादरी जास्त धुवाव्या लागतात?"

"मुळीच नाही, बाई. टापटीप बायको आहे माझी."

"खोटं," आयरीन म्हणाली.

झटका आल्यापासून तिने हा शब्द उच्चारला नव्हता. क्लिफर्डला आनंद व्हावा की घाम फुटावा, कळेना. तिने डावा हात उचलला आणि खिडकीबाहेर बोट केलं. मागच्या अंगणात दोरीवर पाच चादरी वाळत होत्या.

तेवढ्यात दार ढकलून ब्रेंडा आत आली. "माफ करा हं. क्लिफ, मी पैसे लावलेला घोडा तीनला धावतोय. टीव्ही न्यायला आता वेळ नाही, इथेच बघते. बाई, जरा उठता का? ती खुर्ची माझी आहे. मला तिच्याशिवाय बसता येत नाही."

मिसेस हॉलरॉइड उठल्या. उठल्यावर त्यांना ओलीचा डाग दिसला.

क्लिफर्ड मटकन बसला. "झालं. आता कधी नेताय तिला?"

"कुठे?"

"आश्रमात."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "मिस्टर रॅम्सडेन, मी कुणाला नेत नाही. मी खुर्ची मोजत नाही, टीव्ही मोजत नाही, हे घरही मोजत नाही. यांच्या नावावर पैसे किती आहेत आणि आजारपणाने किती जास्त जातं, एवढंच बघते. तुम्ही मघापासून 'काही लागत नाही' म्हणताय ना, तेवढी तुमची आठवड्याची फी चढतेय."

"मग खोडा की!"

"खोडते. पण आता खरं सांगा."

खरं सांगणं खुर्ची उचलण्यापेक्षा जड निघालं. रात्री दोनदा चादर बदलतो, हे त्याने स्वतःच्या बुटांकडे बघत सांगितलं. पाणी पावडर घालून घट्ट केल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही. ती गारठते, म्हणून मे महिन्यातही शेकोटी. बाई लिहीत गेल्या. टीव्हीवर घोडे धावत होते. ब्रेंडाने मात्र आवाज बंद केला होता, आणि आपला घोडा कितवा आला हे तिने पाहिलंच नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. हे त्याने शेवटपर्यंत वाचलं, दोनदा. भरायची रक्कम: शून्य.

"शून्य?" क्लिफर्ड लाल झाला. "चाळीस वर्षं बस चालवली मी! भिकारी समजतात काय? लिहून कळवतो, निदान पाच पौंड तरी लावा म्हणावं."

त्याने पेन घेतलं. आयरीनने डावा पंजा पत्रावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मूर्ख," ती म्हणाली. स्वच्छ, स्पष्ट, अगदी पूर्वीसारखं.

क्लिफर्डने पेन खिशात ठेवलं, आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेला.

सोमवारपासून मदतनीस येऊ लागणार होत्या. सोमवारी सकाळी सहा वाजता ब्रेंडाचं दार वाजलं. तिने गाऊनवरच उघडलं, तर क्लिफर्ड उभा. टाय लावलेला.

"ब्रेंडा," तो हळूच म्हणाला, "ती खुर्ची... फक्त आजच्या दिवस."